घरच्या व्यायामात खंड पडू नये म्हणून: नागपूरच्या ऋतूंप्रमाणे आखलेले वर्ष

नागपुरात घरी व्यायाम सुरू करणारे बहुतेक जण तो दोनच वेळी सुरू करतात, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नाहीतर दिवाळीचा फराळ संपल्यावर. दोन्ही वेळा हवा थंड असते, अंगात उत्साह असतो, आणि आता ही सवय कायमची लागली असे वाटू लागते. पुढे होळी होते, मार्च सरतो, माळ्यावरचे कूलर खाली उतरतात, मुलांच्या परीक्षा आणि नात्यातली लग्ने एकाच वेळी येतात, आणि एप्रिलच्या मध्यावर व्यायामाची सतरंजी गुंडाळून दिवाणाखाली जाते. माझ्या घरी सलग तीन वर्षे असेच झाले. चौथ्या वर्षी मी जुन्या दिनदर्शिका काढून खंड नेमका कुठे पडला ते पाहिले, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट दिसली. व्यायाम जड जात होता म्हणून तो एकदाही सुटलेला नव्हता. दर वेळी दिवसाचा क्रम बदलला होता आणि बदललेल्या दिवसात व्यायामाला कोणतीही जागा नेमून दिलेली नव्हती. म्हणून या लेखात मनोबल वाढवण्याच्या गोष्टींपेक्षा आखणीचाच विचार अधिक आहे. दिवसाचा क्रम बदलणार हे आधीच माहीत असते, तेव्हा त्याची तयारीही आधीच करता येते.

ज्यांना हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा सांध्यांचा जुना त्रास आहे, ज्या स्त्रिया गरोदर आहेत, आणि ज्यांनी अनेक वर्षांत काहीच हालचाल केलेली नाही, त्यांनी सुरुवातीलाच आपल्या डॉक्टरांशी बोलून घ्यावे. व्यायाम करताना छातीत दुखले, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकले, भोवळ आली किंवा नेहमीपेक्षा वेगळा दम लागला, तर तिथेच थांबून वैद्यकीय मदत घ्यावी.

पहिली पायरी: किमान व्यायाम ठरवा

आपण व्यायाम ठरवतो तो आपल्या सर्वांत चांगल्या दिवसाकडे पाहून. रविवारची निवांत संध्याकाळ असते, मन प्रसन्न असते, आणि उद्यापासून रोज पाऊण तास असा संकल्प सोडला जातो. प्रत्यक्षात सवय टिकते की मोडते हे ठरते सर्वांत वाईट दिवशी, म्हणजे रात्री लाइट गेल्यामुळे झोप झालेली नसते, सकाळी नळाला उशिरा पाणी आलेले असते आणि शाळेचा ऑटो दारात उभा असतो, अशा दिवशी. त्यामुळे सर्वप्रथम त्या वाईट दिवशीही होईल इतका लहान व्यायाम ठरवावा. मी त्याला किमान व्यायाम म्हणते. माझा किमान व्यायाम असा आहे: खुर्चीवरून दहा उठाबशा, ओट्याला हात टेकवून दहा जोर आणि दोन मिनिटे जागच्या जागी चालणे. याला चार मिनिटे लागतात आणि कपडेही बदलावे लागत नाहीत.

चार मिनिटांनी काय होणार, ही शंका रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम जोमाची हालचाल करावी आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. रोजच्या चार मिनिटांत ही गरज भागत नाही. परंतु एका वेळची हालचाल निदान दहा मिनिटांची असली तरच ती मोजावी, ही जुनी अट त्याच मार्गदर्शनात काढून टाकलेली आहे, म्हणजे लहान तुकडेही हिशेबात धरले जातात. माझ्या अनुभवात किमान व्यायामाचे मोठे काम निराळेच आहे. त्यामुळे आज व्यायाम करायचा की नाही, हा प्रश्न रोज सकाळी नव्याने सोडवावा लागत नाही. बऱ्याच दिवशी चार मिनिटे झाल्यावर अंग मोकळे होते आणि पुढची वीस मिनिटे सहज होतात, पण ती झाली नाहीत तरी त्या दिवशी व्यायाम झाला असेच धरावे आणि मनात अपराधाची भावना ठेवू नये.

याउलट पहिल्या दिवशी अति करण्याची किंमत मी मोजलेली आहे. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी एका दमात साठ बैठका काढल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या की जिन्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून, एकेक पायरी आडवे पाऊल टाकत उतरावे लागले, आणि तिसऱ्या दिवशी तर त्याहून जास्त दुखले. सवय नसलेल्या स्नायूंचे हे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते, हे तेव्हा मला माहीत नव्हते. दुखणे आठवडाभरात गेले, पण तोवर व्यायामाची धास्ती बसली आणि ती जायला दोन महिने लागले. पहिले दोन आठवडे, आणखी करता आले असते असे वाटत असतानाच थांबावे.

दुसरी पायरी: घरातल्या पक्क्या कामाला व्यायाम बांधा

"सकाळी सहा वाजता" असे ठरवले की साडेसहाला जाग आल्यावर व्यायाम बुडाला असे वाटते. घड्याळापेक्षा घरातले एखादे न टळणारे काम धरावे. ज्या वस्त्यांत ठरावीक वेळी नळ येतो तिथे नळ येणे, इतरत्र दुधाच्या पिशव्या आत घेणे, चहाचे आधण ठेवणे, मुलांना ऑटोत बसवून परत वर येणे, देवपूजा, यांपैकी आपल्या घरी रोज नेमके काय होते ते पाहावे आणि "हे झाले की लगेच ते" असे एका वाक्यात कागदावर लिहावे. माझे वाक्य होते: मुलगी ऑटोत बसली की मी वर येते, चप्पल काढते आणि सतरंजी पसरते. या वाक्यात चप्पल काढण्याचा उल्लेख मुद्दाम आहे, कारण चप्पल काढल्यावर मी आधी सोफ्यावर बसत असे आणि बसले की मोबाइल हातात येत असे.

सवय अंगवळणी पडायला एकवीस दिवस लागतात असे सर्रास सांगितले जाते आणि त्याने लोकांचे नुकसान होते, कारण बाविसाव्या दिवशीही कंटाळा आला की आपल्यातच काही उणे आहे असे वाटू लागते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात एखादी कृती आपोआप होऊ लागण्याचा काळ मध्यकाने (म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस निघाला, आणि माणसामाणसांत १८ पासून २५४ दिवसांपर्यंत फरक पडला. पाणी पिण्यासारख्या साध्या सवयीपेक्षा व्यायामाच्या सवयीला जास्त दिवस लागले. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला अधिक धीर देणारी वाटते: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यावर त्याचा फारसा परिणाम झाला नाही. म्हणून मनाची तयारी तीन आठवड्यांची न ठेवता निदान तीन महिन्यांची ठेवावी.

तिसरी पायरी: जागा, साहित्य आणि प्रत्यक्ष व्यायाम

दोन हात पसरून आडवे होता येईल एवढी जागा पुरते, मात्र ती रोज तीच असावी आणि तिथले सामान हलवावे लागू नये. गुळगुळीत फरशीवर सतरंजी सरकते आणि जोर काढताना हात निसटून मनगट दुखावू शकते. सतरंजीच वापरायची असेल तर तिची दोन टोके दिवाणाच्या पायांखाली दाबावीत, नाहीतर रबरी चटई घ्यावी. महागडी यंत्रे सुरुवातीला मुळीच घेऊ नयेत. कित्येक घरांत चालण्याच्या यंत्रावर टॉवेल वाळत असलेले मी पाहिले आहेत.

बळ वाढवणारे व्यायाम सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी करावेत. पहिला व्यायाम खुर्चीवरून उठण्याचा. खुर्ची भिंतीला टेकवावी, पाय खांद्याइतके फाकवावेत, भार टाचांवर ठेवून मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली यावे, बैठकीला नुसता स्पर्श करावा आणि उठावे. गुडघे आत वळू देऊ नयेत. दुसरा जोरांचा. तो भिंतीवर हात टेकवून सुरू करावा, मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मग दिवाणाच्या कडेवर आणि शेवटी जमिनीवर आणावा. जमिनीवरच्या जोरांनी सुरुवात करणाऱ्यांची कंबर झुकते आणि खांदे दुखतात, म्हणून ओट्याला कमी लेखू नये. तिसरा व्यायाम पाठीचा, आणि घरी व्यायाम करणाऱ्यांकडून हाच हमखास राहून जातो. तेलाची रिकामी पाच लिटरची कॅन पाण्याने भरावी, एक हात खुर्चीवर टेकवून पाठ सपाट ठेवावी आणि दुसऱ्या हाताने कॅन कमरेकडे ओढावी, कोपर अंगाला घासून मागे जाईल अशा रीतीने. चौथ्यात उताणे झोपून गुडघे वाकवावेत आणि कंबर वर उचलून धरावी. शेवटी कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर शरीर सरळ रेषेत पंधरा सेकंद तोलून धरावे. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा आणि असे दोन फेरे केले की बावीस-पंचवीस मिनिटे होतात. बारा वेळा सलग दोन दिवस सहज जमले की पुढच्या अवघड प्रकाराकडे जावे. एकच प्रकार महिनोन्महिने करत राहिले की शरीराला त्यातून काही मिळेनासे होते आणि मनही उडते.

उरलेल्या दिवशी सूर्यनमस्कार, जिना चढणे-उतरणे किंवा भरभर चालणे यांपैकी आवडेल ते करावे. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतपत दम लागला की जोम मध्यम आहे असे समजावे. रविवारी फक्त किमान व्यायाम. आमच्या घरी रविवारी तर्री-पोहे ठरलेले आहेत, ते आम्ही गाडी न काढता पायी जाऊन आणतो, आणि जाऊन-येऊन चाळीस मिनिटे होतात.

चौथी पायरी: नोंद ठेवा आणि ती दिसू द्या

मोबाइलमधले ॲप मला टिकले नाही, कारण ते उघडायला गेले की दुसरेच काहीतरी उघडले जाते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशेब जसा लिहितो, तशीच व्यायामाची नोंद करावी. आमच्या दिनदर्शिकेत तारखेच्या चौकटीत वरच्या कोपऱ्यात दुधाच्या पिशव्यांचा आकडा असतो आणि खालच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीने "पू" किंवा "कि" असते. "पू" म्हणजे पूर्ण व्यायाम, "कि" म्हणजे किमान. मागच्या मे महिन्याच्या पानावर सात "पू" आणि बावीस "कि" आहेत, दोन चौकटी रिकाम्या आहेत, आणि मला ते पान डिसेंबरच्या पानापेक्षा अधिक मोलाचे वाटते. नियम एवढाच पाळावा की लागोपाठ दोन चौकटी रिकाम्या राहू द्यायच्या नाहीत.

वजन मात्र रोज पाहू नये. ते पाण्यामुळे, मिठामुळे आणि मासिक पाळीमुळे एक-दोन किलोने वरखाली होत असते आणि चांगला चाललेला व्यायाम त्या एका आकड्यापायी सोडून दिला जातो. त्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला, हात छातीवर घडी घालून, खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे आणि त्याच दिनदर्शिकेत लिहावे. हा आकडा वाढताना दिसला की जे समाधान वाटते ते कोणाच्या शाबासकीने वाटत नाही.

घरी व्यायाम करणाऱ्याला, विशेषतः घरातल्या बाईला, सर्वांत मोठी अडचण येते ती हाकांची. सतरंजीवर आडवे झाले की कोणाला तरी डबा सापडत नसतो. यावर चिडून उपयोग होत नाही. घरातल्यांना एकदा बसवून स्पष्ट सांगावे, की या वेळेत पंचवीस मिनिटे दार लोटलेले असेल आणि अगदीच निकडीचे असेल तरच वाजवावे. पहिले दोन आठवडे दार वाजतच राहते, नंतर कमी होते. याशिवाय बाहेरचे एक माणूस सोबतीला घ्यावे. माझी मोठी बहीण अमरावतीला असते. व्यायाम झाला की आम्ही एकमेकींना "झालं" एवढा एकच शब्द पाठवतो. ताईचा निरोप आला आणि माझा जायचा राहिला, तर मला चैन पडत नाही.

पाचवी पायरी: उन्हाळ्याचे वेळापत्रक मार्चमध्येच लिहा

आपल्याकडे खरी परीक्षा इथे असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, रात्रीही हवा निवत नाही, आणि सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरात दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. अशा दिवसांत हिवाळ्याचा व्यायाम जसाच्या तसा रेटणे धोक्याचे आहे आणि तो सोडून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. होळीच्या सुमारास कूलरला नवे गवत आणि वाळा लावण्याचे काम निघते, त्याच दिवशी व्यायामाचे उन्हाळी वेळापत्रकही लिहून भिंतीवर लावावे.

मे अखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, म्हणून सव्वापाच ते सहा ही वेळ उत्तम. शाळांना सुट्ट्या असल्याने माझा ऑटोचा टेकू या काळात नसतो, तेव्हा मी रात्रभर चाललेला कूलर बंद करून खिडक्या उघडणे या कामाला व्यायाम बांधते. पहाटे जमतच नसेल तर घरातल्या सर्वांत थंड खोलीत, बहुधा तळमजल्यावर किंवा उत्तरेकडच्या बाजूला, संध्याकाळी उशिरा करावा. खोलीत उकडत असताना नुसत्या पंख्याच्या भरवशावर राहू नये, कारण हवा अंगापेक्षा गरम असेल तर पंखा गरम हवाच अंगावर फेकतो.

कूलरबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून ओढतो, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता शोषली जाते आणि हवा गार होते, पण त्याचबरोबर ती दमटही होते. दारे-खिडक्या बंद ठेवून कूलर चालवला तर खोलीत दमटपणा साठतो, घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. म्हणून कूलरच्या समोरची खिडकी उघडी ठेवूनच व्यायाम करावा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की बाहेरची हवाच दमट असते, तेव्हा कूलर बंद करावा आणि पंखा व उघड्या खिडक्या यांवर काम भागवावे.

कडक उन्हाळा लागताच व्यायाम निम्मा करावा. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर नाडी लवकर वाढते आणि दम लवकर लागतो. ही प्रकृती बिघडल्याची खूण नसते. बळाचे व्यायाम तीनऐवजी दोन दिवस केले तरी कमावलेली ताकद बऱ्याच अंशी टिकते. व्यायामाआधी पेलाभर माठातले पाणी प्यावे आणि नंतर ताक किंवा मीठ घातलेले पन्हे घ्यावे. मधुमेह असलेल्यांनी पन्ह्यातला गूळ आणि रक्तदाब असलेल्यांनी मीठ डॉक्टरांना विचारून ठरवावे. डोके दुखणे, मळमळणे, पायांत गोळे येणे ही लक्षणे दिसली तर व्यायाम थांबवून गार जागी पडून राहावे आणि अंगावर ओला कपडा फिरवावा. बोलण्यात असंबद्धता आली किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात समजून, अंग गार करत करतच, ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

सण, पाहुणे आणि अधिवेशन

या दिवसांसाठी निराळी आखणी लागत नाही, फक्त ते दिनदर्शिकेवर आधी खुणेने दाखवावेत. तान्हा पोळा, महालक्ष्म्या, नवरात्र, दिवाळीचे पाच दिवस, घरातले लग्न, या सर्व तारखांवर वर्षाच्या सुरुवातीलाच "कि" लिहून टाकावे. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी गावाकडून येणारे पाहुणे ज्यांच्या घरी उतरतात, त्यांना सतरंजी पसरायलाही जागा राहत नाही, तेव्हा किमान व्यायाम ओट्यापाशी उभ्याने करता येईल असाच ठरवलेला असावा. सरकारी नोकरीतल्या अनेकांचा डिसेंबर हिवाळी अधिवेशनाच्या धावपळीत जातो, घरी परतायला रात्र होते आणि पहाटेची थंडी उठू देत नाही. त्यांनी त्या काळात किमान व्यायाम दुपारच्या डब्याआधी, कार्यालयाच्या जिन्यात उरकावा.

खंड पडलाच तर

आठवडाभराच्या खंडाने काही बिघडत नाही. जिथे थांबलो तिथूनच, पण एक फेरा कमी करून सुरू करावे. दोन-तीन आठवड्यांचा खंड पडला तर ताकदीपेक्षा दमसास आधी कमी झालेला जाणवतो. तेव्हा पहिला आठवडा फक्त "कि" आणि दुसऱ्या आठवड्यात एक फेरा, असे परतावे. बुडालेले दिवस भरून काढण्यासाठी दुप्पट व्यायाम कधीही करू नये, कारण दुखापती बहुधा याच वेळी होतात. पुन्हा सुरू करायला सोमवार किंवा एक तारीख यांची वाट पाहू नये. जाग आली तो दिवस धरावा.

आजारपणानंतर मात्र घाई अजिबात नको. पावसाळ्याच्या शेवटी आपल्याकडे डेंग्यू आणि चिकनगुनियाचे रुग्ण वाढतात, आणि ताप उतरल्यावरही थकवा व सांधेदुखी कित्येक आठवडे रेंगाळते. डॉक्टरांनी मोकळीक दिल्यावर आधी घरातल्या घरात पाच मिनिटे चालावे, दुसऱ्या दिवशी थकवा वाढला नाही तरच एकेक मिनिट वाढवावे, आणि घराचा जिना चढून दारात पोचल्यावर दम लागेनासा झाला की मग खुर्चीवरच्या उठाबशा सुरू कराव्यात, त्याही आजारपणापूर्वीच्या संख्येच्या निम्म्याने.